पार्क काकांची वकिलात

गेल्या शनिवारी आमच्या पिस्कॅटवे गावाहून वॉशिंग्टनला जाऊन आलो... एक घर बघायला. सात वर्षं टाळलेलं काम होतं ते.

पार्क काका आमचे शेजारी, वय ऐंशीच्या पुढे. कोरियात शाळेत इतिहास शिकवायचे, इकडे येऊन बरीच वर्षं स्कूलबस चालवली. मी नागपूरहून आलो त्या पहिल्या हिवाळ्यात माझी कार बर्फात रुतली, तेव्हा न बोलावता फावडं घेऊन बाहेर आलेला हा माणूस! तेव्हापासून मी त्यांना काका म्हणतो. अर्थ सांगितला तर इतके खूश झाले की फोनवर स्वतःच "काका स्पीकिंग" म्हणायला लागले.

वॉशिंग्टनमध्ये कोरियाची जुनी वकिलात आहे. लाल विटांचं मोठं घर. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कोरियाचे राजदूत तिथे राहायचे. मग जपानने देशच घेतला, आणि हे घरही गेलं. कित्येक वर्षांनी कोरियाने ते परत विकत घेतलं, पूर्वीसारखं सजवलं आणि आता म्युझियम म्हणून जपलंय.

काकांना ते मला दाखवायचं होतं. "गाईड नको, मी सगळं समजावून सांगेन," म्हणायचे.

मी दरवेळी हो म्हणायचो... आणि कॅन्सल करायचो. कधी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, कधी व्हिसाचे कागद, कधी मुलीचं सॉकर. एकदा तर ते टाय लावून, दोघांचे डबे घेऊन दारात उभे होते. मी ऑफिसचं अर्जंट काम आलंय म्हणून सांगितलं. खरं तर त्या दिवशी काहीच काम नव्हतं. कंटाळा आला होता, बस्स.

"नो प्रॉब्लेम. यू आर बिझी," म्हणाले, आणि माझा डबा माझ्या हातात देऊन परत गेले.

या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. चालणं बरंच सुधारलं, पण इंग्लिश गेलं... पार पुसल्यासारखं. आता फक्त कोरियन बोलतात. मला बघून हसतात, पण नाव आठवत नसावं. त्यांची मुलगी मीना (हे नाव कोरियातही असतं) नर्स आहे. तीच म्हणाली, "त्यांना न्यायचं असेल तर आता ने. पुढचं मलाही सांगता येत नाही." तिची ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

आत शिरताच काकांची चाल बदलली. दिवाणखान्यात त्यांनी माझा दंड धरला आणि बोलायला सुरुवात केली. शिक्षकाचा खणखणीत आवाज! भिंतीवरचा फोटो दाखवत होते, खुर्चीकडे बोट करत होते, मध्येच थांबून मला कळलं का म्हणून बघत होते. मी मान हलवत होतो. मला एक अक्षर कळत नव्हतं.

गाईड एक तरुण कोरियन मुलगी होती. तीही उभी राहून ऐकत होती. एवढ्यात काका तिच्याकडे वळून हळूच काहीतरी म्हणाले. ती जरा घुटमळली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतायत... माझ्या मित्राला वरचे मजले लवकर दाखव. तो खूप बिझी असतो, तरी आज माझ्यासाठी आलाय."

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "त्यांना सांग, मला आज काहीही काम नाही."

तिने सांगितलं. काका माझ्याकडे बघत राहिले, मग मान डोलावली आणि परत पहिल्या फोटोपाशी जाऊन पहिल्यापासून सांगायला लागले.

बंद व्हायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. निघताना गाईडने मला थोडक्यात समजावलं, छान समजावलं... पण ते तिचं सांगणं होतं.

काकांनी दिलेला शब्द पाळला. सगळं समजावून सांगितलं. मला त्यातलं काहीच कळलं नाही, आणि तो दोष त्यांचा नाही.