कलघटगीच्या अव्वाची मूठ

"साड्या गेल्या! सगळ्या गेल्या! एकसुद्धा दिसेना! अरे ए, तू आहेस का मेलास?"

सोमवारी सकाळी साडेदहाला हे माझ्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, हुबळीतल्या दाजीबानपेठेतल्या आपल्या कापडदुकानातून मला फोनवर विचारलं. फोनवर हे आपलं म्हणायचं. अण्णांच्या आवाजाला फोन लागत नाही, फोन ते केवळ शिष्टाचार म्हणून धरतात. मी धारवाडला केलगेरीत राहतो, मध्ये चांगलं वीसेक किलोमीटर अंतर आहे, आणि तरी माझी खात्री आहे की तो आवाज आधी खिडकीतून आला आणि मग फोनमधून. केलगेरीच्या तळ्यावरचे बगळे उडाले ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

"अण्णा, चोरी झाली का?"

"चोरी झाली असती तर पोलिसाला फोन केला असता, तुला कशाला? कॉम्प्युटरातल्या गेल्या! फोटो! चारशे इरकली, दीडशे खण! इथं कलघटगीचं लग्नाच्या बस्त्याचं गिऱ्हाईक गादीवर बसलंय आणि तुझा डबा म्हणतो काहीच नाही. एन माडिदी?"

एन माडिदी म्हणजे काय केलंस. मी काय केलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी, रविवारी, मी सगळ्या जगाचं भलं करायला म्हणून अण्णांच्या साड्या कोंडून घातल्या होत्या.

त्याचं असं झालं. मी लिनक्सवरचं एक फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं हत्यार सांभाळतो. तुमच्या कॉम्प्युटरात पन्नास प्रोग्राम असतात. कुणी इंटरनेट दाखवतो, कुणी फोटो, कुणी गाणी. त्यातला एखादा फितूर झाला तर तो तुमचं घरदार उचकटून काय हवं ते पळवू शकतो. आमचं हत्यार त्या प्रोग्रामभोवती एक खोली बांधतं. आत बस, सांगितलं ते काम कर, आणि मी खिडकीतून जे फोल्डर देईन तेवढेच बघ. याला जग सॅण्डबॉक्स म्हणतं. पण ही खोली बांधायला मालकाचे अधिकार लागतात, म्हणून आमच्या हत्याराच्या कमरेला सगळ्या घराच्या किल्ल्या असतात. गवंडी चुकला तर कैदी नुसता सुटत नाही, किल्ल्या घेऊन सुटतो.

हे हत्यार मी केलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मी त्याच्या मदतपानावरची शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करून पाठवली, एवढाच माझा गुन्हा. मूळ कर्ता कंटाळलेला होता. त्यानं माझे आभार मानले आणि त्याच आठवड्यात अख्खं हत्यार माझ्या गळ्यात घालून तो मधमाश्या पाळायला निघून गेला. आता सांभाळणारे आम्ही तिघं आहोत. एक मी, एक ब्राझीलचा, आणि तिसरा जिवंत आहे असं आम्ही दोघं धरून चालतो. सहा वर्षांचे माझे सगळे रविवार त्यात गेले. लोक रविवारी सिनेमाला गेले, दांडेलीला गेले, मी भोकं बुजवत बसलो. पण खोटं कशाला सांगू, त्याचा मला माज होता. लग्नकार्यात कुणी "हल्ली काय करता?" विचारलं की मी सांगायला सुरुवात करायचो, आणि पंगत उठली तरी विचारणाऱ्याची सुटका नसायची.

तर तीन आठवड्यांपूर्वी कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाचं पत्र आलं. चार ओळींचं. त्या देशात शब्दही गोठत असावेत. "तुमच्या हत्यारात भोक आहे. सोबत पुरावा. तीन आठवड्यांनी, गुरुवारी, मी हे जाहीर करेन. शुभेच्छा." पुरावा म्हणजे एक चिमुकला प्रोग्राम. मी तो माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच बांधलेल्या खोलीत सोडला. तीन सेकंदांत तो बाहेर आला आणि मालक झाला. मी खुर्चीवरून आपोआप उठून उभा राहिलो.

भोक साधं होतं, म्हणूनच लाज वाटावी असं. आमचं हत्यार काय करायचं, की समजा 'फोटो' नावाचा फोल्डर आत द्यायचा आहे, तर आधी तो नीट तपासायचं. आपलाच आहे ना? आहे. मग त्याला आत घेण्यासाठी पुन्हा 'फोटो' अशी हाक मारायचं. या तपासण्याच्या आणि हाक मारण्याच्या मधे डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ जायचा. तेवढ्यात तो गोठलेला गृहस्थ खरा 'फोटो' बाजूला करून त्याच नावामागं मालकाची तिजोरी उभी करायचा. आम्ही तपासलं एक, आत घेतलं दुसरं. नाव मात्र तेच.

हे कळल्यावर मोठ्या लिनक्सवाल्या मंडळींचंही पत्र आलं. लाखो कॉम्प्युटरांत आमचं हत्यार त्यांच्यामार्फतच पोचतं. भोक बुजलं असं त्या थंड देशातल्या माणसानं गुरुवारपर्यंत म्हटलं तर ठीक, नाही तर हत्यार आमच्या यादीतून काढून टाकू. यादीतून काढणं म्हणजे संपलंच. सहा वर्षांचे रविवार पाण्यात. शिवाय लग्नकार्यात काय बोलायचं हा प्रश्न वेगळाच.

मी तपासणीचा वेग वाढवला. तो गोठलेला गृहस्थ तरी मधे घुसला. मी दोनदा तपासलं. तो दोन्ही तपासण्यांच्या मधून गेला, आणि गेलो म्हणून कळवलं. दर वेळी एक ओळ. "अजून जाता येतं." शेवटी त्या रविवारी मी पिसाळलो आणि घराचं मुख्य दारच लावून टाकलं. कुठल्याही प्रोग्रामला घरातला कुठलाही फोल्डर द्यायचाच नाही! आता घे काय बदलायचं ते! आणि ही आवृत्ती चालवून बघण्यासाठी घरबसल्याच अण्णांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवून दिली. तिथं लिनक्स मीच घातलं होतं. जगात दोष शोधणारी एकाहून एक यंत्रं आहेत, पण अण्णांच्या तोडीचं एकही निघालेलं नाही. नवीन आवृत्ती अण्णांसमोर ठेवली की दहा मिनिटांत बोंब येते. या वेळी, सोमवारी कॉम्प्युटरसमोर बसल्यावर, चारच लागली.

मी बसनं हुबळीला गेलो. दुकानात पाऊल ठेवतोय तोच अण्णांनी गादीवरच्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली.

"हे बघा यव्वा, आमचा पुतण्या. जगभरचे कॉम्प्युटर सांभाळतो. काकाचा एक सोडून."

गिऱ्हाईक म्हणजे कलघटगीची एक साठीची अव्वा. अव्वा म्हणजे आई, हाक मारताना यव्वा. धाकट्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली होती, बरोबर घरची पाच-सहा माणसं. फोटो दिसत नव्हते म्हणून अण्णांना माळ्यावरचा सगळा माल खाली काढावा लागला होता. गादीवर साड्यांचा असा डोंगर झाला होता की पलीकडे बसलेले अण्णा मला फक्त ऐकू येत होते. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलो. पुन्हा घर उघडं करावं तर भोक उघडं, बंद ठेवावं तर अण्णांचं तोंड उघडं. दोन्हीतलं जास्त धोक्याचं कुठलं, याचा विचार करत होतो.

तेवढ्यात अव्वानं एक हिरवी इरकल निवडली. लाल टोपपदराची.

"छान!" अण्णा म्हणाले. "ठेवा बाजूला. आमचा माणूस मागं नेऊन घडी घालतो. तुम्ही बाकीच्या बघा."

अव्वानं पदराचं टोक मुठीत गुंडाळलं. दोन वेढे.

"यव्वा, बिड्री," अण्णा गोड आवाजात म्हणाले. सोडा की.

"बिडूदिल्ल," अव्वा म्हणाली. सोडणार नाही.

"अहो पण घडी?"

"घाला की. मी कुठं नको म्हणते?"

"तुम्ही धरून बसल्यावर कशी घालायची?"

"त्या टोकाकडून घाला."

अण्णांनी आयुष्यात पन्नास वर्षं साड्या विकल्या, पण घडी त्या टोकाकडून घालायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते डोंगराच्या वरून डोकावले. अव्वानं शांतपणे कारण सांगितलं. थोरलीच्या लग्नात दुसऱ्या एका गावातल्या दुकानात तिनं अशीच हिरवी निवडली. दुकानदारानं आत हाक मारली, "ती हिरवी बांधा रे." घरी जाऊन गाठोडं सोडलं. "हिरवीच होती. पण ती नव्हे."

"आमच्या दाजीबानपेठेत असं होत नाही!" अण्णा कडाडले. समोरच्या दुकानातल्या दोन कबुतरांनी पेठ सोडली.

"मी धरून बसल्यावर कसं होईल?" अव्वा म्हणाली.

हिरवीच होती, पण ती नव्हे. अगं माउली! तीन आठवडे मी जगातल्या हुशार माणसांची पुस्तकं धुंडाळत होतो आणि उत्तर कलघटगीहून सकाळच्या बसनं येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं!

पुढचा पाऊण तास मी एका अक्षरालाही हात लावला नाही, नुसता बघत बसलो. अव्वानं डाव्या हातानं चहा घेतला. डाव्या हातानं सुनेला दोनदा दटावलं. उजवी मूठ मात्र सुटली नाही. दुकानातला जुना माणूस त्या टोकाकडून घडी घालत आला, तशी अव्वा गादीवरून सरकत सरकत त्याच्या मागं निघाली. गादीच्या टोकाला, तिथून फळीशी, तिथून कागदाशी. प्रत्येक टप्प्यावर मूठ आधी आणि अव्वा नंतर. पुडक्याला सुतळी आवळली, गाठ बसली, तेव्हा कुठं तिनं कागदाच्या आतून हात बाहेर ओढला. सापाच्या बिळातून काढावा तसा, सावकाश.

खरं सांगतो, अशी वस्तू धरून ठेवायची सोय लिनक्समध्ये कितीतरी वर्षं आहे. मला ती ठाऊक नव्हती असंही नाही. मी फोल्डर धरून तपासत होतो. पण तपासून झालं की शहाण्यासारखा हात सोडायचो आणि त्याला आत घेण्यासाठी पुन्हा नावानं हाक मारायचो. पदर सोडून "ती हिरवी बांधा" म्हणणारा दुकानदार तो मीच होतो.

मग मी तिथंच, साड्यांच्या डोंगराला टेकून, लिहायला बसलो. नाव एकदाच घ्यायचं. घराच्या दारापासून एकेक पायरी धरत जायचं, वाटेत कुणी भलतीकडे नेणारी पाटी लावली असेल तर तिथंच थांबायचं. फोल्डर हातात आला की धरलेल्यालाच तपासायचं आणि धरलेल्यालाच आत न्यायचं. गाठ बसेपर्यंत मूठ सोडायची नाही. मधल्या वेळात त्या नावामागं कुणी हत्ती उभा केला तरी आपल्याला काय त्याचं?

दुपारी चारला नवी आवृत्ती अण्णांच्या कॉम्प्युटरवर घातली. घर पुन्हा उघडं, फोटो पुन्हा हजर.

"आल्या का, अण्णा?"

"आल्या," अण्णा म्हणाले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "पण आधी खण यायचे, मग इरकली. आता उलटं येतंय."

ते त्यांनी बघितलं नसतं तरच मला काळजी वाटली असती.

मंगळवारी ब्राझीलवाल्यानं माझं काम तपासून दिलं. बदलाची नोंद लिहिताना मी कलघटगीच्या अव्वावर तीन परिच्छेद लिहिले होते. हे एवढं आवश्यक आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आवश्यक हेच आहे, बाकीचं तू काढलंस तरी चालेल. त्यानं काहीच काढलं नाही. त्यामुळे आज जगात जिथं जिथं ते हत्यार आहे, तिथं इरकलीचा लाल टोपपदर आणि साठीच्या बाईची मूठ आहे. शास्त्रज्ञ लोक ती नोंद वाचत असतील आणि इरकल म्हणजे काय ते शोधत असतील.

बुधवारी ते काम थंड देशातल्या माणसाला धाडलं. सोबत पत्र लिहिलं, चांगलं लांबलचक. दाजीबानपेठ म्हणजे काय, बस्ता म्हणजे काय, अण्णांचा आवाज किती लांब जातो, अव्वा कशी सरकली, सगळं. शेवटी लिहिलं, तुमच्या घरी कधी लग्न निघालं तर बस्त्याला हुबळीलाच या, धरून बसायला गादी आमची. आणि खाली, एका ओळीत, हेही की उद्या गुरुवार आहे. तुम्ही काय म्हणता त्यावर हे हत्यार राहायचं की जायचं ते ठरणार.

गुरुवारी घरी बसवेना, म्हणून सकाळीच दुकानात जाऊन बसलो. अण्णा मला धीर देत होते. म्हणजे, हत्यार गेलं तर दुकानात घडी घालायला माणूस हवाच आहे, असं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. साडेअकराला पत्र आलं. मी एकदा वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. तसं ते दोनदा वाचण्याइतकं लांब नव्हतंच, नुसतं डोळ्यांनी जास्त वेळ धरून ठेवावंसं वाटलं.

"एनातो?" अण्णांनी गादीवरून विचारलं. काय झालं. "एवढं पानभर लिहिलं होतंस. साहेब काय म्हणतो?"

मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"पुन्हा प्रयत्न केला. आत जाता आलं नाही."