विडी कारखान्यातली पालकसभा

आधी मी एका इंग्रजी शाळेत शिकवायचे. तिथे पालकसभेला खुर्च्यांना पांढरी कव्हरं घालायचे आणि आईवडील वेळेआधी येऊन बसायचे. मग सोलापूरच्या पूर्वभागात, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, महापालिकेच्या शाळेत माझी नेमणूक झाली. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खडखड आणि घराघरांतून तंबाखूचा वास. पहिल्या पालकसभेला एकच आई आली, तीही आधार कार्डाचं विचारायला. माझा पारा चढायला एरवीही फारसं काही लागत नाही. ''यांना पोरांचं काही पडलेलंच नाही,'' असं मी मुख्याध्यापिकांना तोंडावर म्हणाले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

त्या एवढंच म्हणाल्या, ''चप्पल घाला. आपण जाऊ.''

विडी कारखान्याच्या दारात बायकांची रांग होती. घरी वळलेल्या विड्या टोपलीत घेऊन यायचं, माल तपासून घ्यायचा, नवी पानं-तंबाखू घेऊन परतायचं. रांग सोडली की नंबर गेला, मग शाळेत येणार कधी? मोठ्या बाई रांगेत शिरल्या आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत एकेकीच्या लेकराचं कौतुक करत सुटल्या, तेही चांगल्या खणखणीत आवाजात. तक्रार असली तर आईला बाजूला घेऊन हळू सांगायची, कौतुक मात्र चारचौघींत करायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या बायकांचे चेहरे असे काही फुलले की मला भरून आलं. त्या दिवसापासून मी मोठ्या बाईंची पक्की भक्त झाले, आणि मी सहसा कुणाची भक्त होत नाही.

आमची शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी हायवेपलीकडे जावं लागतं. यंदा सातवीत एक मुलगी होती, गणितात आम्हा शिक्षकांना घाम फोडणारी. परीक्षा संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे रांगेत गेलो, तर तिच्या आईने सांगून टाकलं, ''आता बास, बाई. घरी बसून विड्या वळंल.''

माझ्या जिभेवर आलंच होतं, पण माझ्याआधी रांग पेटली.

''बाई दर टायमाला तुझ्याच पोरीचं सांगतात की!''

''ऐकून ऐकून कान किटले आमचे. आन् तू तिला घरी बसवती व्हय?''

आईचे डोळे भरले. ''मला काय हौस हाय का? मी हितं रांगेत, तिचा बाप मागावर. एवढा हायवे एकटी पोरगी कशी वलांडंल? सोबत कोन हाय?''

मग मागून एकजण पुढे सरकली. तिची लेक गेल्या वर्षी सातवी पास होऊन घरी बसली होती. तेव्हा मोठ्या बाईंनी किती विनवलं होतं, ही बधली नव्हती.

टोपली कमरेवर सावरत ती म्हणाली, ''माझी येती की सोबतीला. तिलाबी आठवीत घाला, बाई. दोघी जातील.''