मंगळाच्या फोटोतला दुसरा दगड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आज तुमच्यासमोर तसंच होईल का — माहीत नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी कॅमेऱ्याखालून जाणारे सुटे भाग तपासतो. राहायला कासारवाडीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते जाधव बाईंमुळे. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म त्यांनी शेजारी बसून भरून घेतला. प्रवेशाच्या दिवशी एसटीनं पुण्यापर्यंत सोबत आल्या, कारण वडिलांना पुण्यातलं काही उमगत नव्हतं. हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं बाईंबद्दलच आहे.

मंगळावर उतरलेल्या यंत्रगाडीनं काढलेले फोटो इंटरनेटवर कुणालाही मिळतात — कच्चे, तुकड्यातुकड्यांत. सुट्टीच्या दिवशी मी ते तुकडे जोडायचो, रंग नीट करायचो आणि फेसबुकवर टाकायचो. कधी एखादा तुकडा पृथ्वीवर पोचतच नाही. तिथं काळा चौकोन उरतो. तो तसाच ठेवायचा असतो. एवढं मला कळत होतं.

एका मोठ्या फोटोत असा चौकोन आला. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं; खोलीत सोबत राहणारा मित्र बघून म्हणाला, "राव, तुझ्या मंगळाचा दात पडलाय की!" मी हसलो. आणि मग — शेजारची जमीन उचलून तिथं चिकटवली. तिच्यावरच्या दगडासकट. खाली त्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. माझा कुठलाच फोटो लोकांनी तोवर इतका पुढं पाठवला नव्हता. मी तो काढून का टाकला नाही? बरं वाटत होतं. दुसरं काही कारण नाही.

बाईंनी त्याचा फ्लेक्स करून प्रयोगशाळेत लावला, माझ्या नावासकट. मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, हे दोन दगड अगदी जुळे कसे रे? पोरं नुसता जीव खातायत माझा."

खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "वाऱ्यानं घासून होतात तसे, बाई."

"थांब, वहीत लिहून घेते."

पुढं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी तो फ्लेक्स नेला. परीक्षकांनी नेमकं त्या दगडांबद्दलच विचारलं आणि बाईंनी वाऱ्याचं सांगितलं. परीक्षक मुलांदेखत हसले — सावलीसुद्धा तीच आहे, बाई, हा दगड कॉम्प्युटरवर चिकटवलाय.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन. आवाजात राग नव्हता. तू नेमकं काय म्हणाला होतास, एवढंच विचारलं.

आता — हेच ते. मी म्हणालो, "मी तेव्हाच सांगितलं होतं ना, बाई, ती जागा मी भरून काढलीय म्हणून."

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, मग त्या म्हणाल्या, "वहीत तर वारा लिहिलंय मी… म्हणजे माझंच चुकलं. वय झालं रे."

स्वतःच्या अक्षरापेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर म्हणे पुस्तक उघडल्याशिवाय त्या मुलांच्या साध्या प्रश्नालाही उत्तर देईनाशा झाल्या. प्रयोगशाळा त्यांनी आपणहून दुसऱ्या शिक्षकांकडे सोपवली. हे मला कळत गेलं, आणि मी गप्प राहिलो.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाला शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं, शाल दिली. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, "मी एकदा तुम्हाला चुकीचं शिकवलं. यानं बरोबर सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. मला माफ करा."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.