हातमोज्यांचा एक जोड

सातपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतो. कामगाराने चिठ्ठी आणायची, मी ड्रिल बिट, पट्टा, हातमोजे, जे लागेल ते द्यायचं. माझ्यावरचे इन्चार्ज निवृत्त झाले तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "जागा तुम्हालाच द्यायची आहे. पण स्टोअर आता मोबाईलवर न्यायचंय. ॲप करायला शिकून या, नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल." नोकरीची सात वर्षं उरली होती. ती बाहेरच्या माणसाच्या हाताखाली काढायची माझी तयारी नव्हती.

म्हणून गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये आठ रविवारांच्या बूट कॅम्पला नाव घातलं. ओळख करून देताना सगळ्यांनी वय सांगितलं, ते मी लिहून घेतलं. वर्गात तेवीस जण. मला सोडून सरासरी बावीस, मला धरून सव्वातेवीस. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीहून लहान. पहिला तासभर त्या मला सर म्हणाल्या, नंतर काका.

प्रत्येकाने स्वतःचं एक ॲप करायचं होतं. बाकीच्यांनी मिसळीची ठिकाणं, व्यायामाची वेळापत्रकं असलं काहीबाही घेतलं. मी स्टोअरची चिठ्ठी घेतली, जशीच्या तशी.

"काका, तीन टचमध्ये काम व्हायला हवं. तुमचे सतरा होतात."

"चिठ्ठीवर रकाने सतरा आहेत, मॅडम."

"हा 'जुना माल दाखवला का' कशाला?"

"जुने हातमोजे दाखवल्याशिवाय आम्ही नवे देत नाही."

"आणि हरवले असतील तर?"

"एक तरी आणायचा."

मी घड्याळ लावून पाहिलं होतं. कागदी चिठ्ठीला तीन मिनिटं लागतात, ॲपला चार. हेही मी अहवालात लिहिलं. मॅडमनी ते खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही.

शेवटच्या रविवारी साहेब स्वतः पाहायला आले. पहिल्या खुर्चीवर बसून म्हणाले, "मला हातमोज्यांचा एक जोड द्या." मी भरायला लागलो. चौदाव्या रकान्यावर ॲप थांबलं. पडद्यावर आलं : इन्चार्ज यांच्या मंजुरीची प्रतीक्षा.

"इन्चार्ज कोण?" साहेबांनी विचारलं.

"ते आपण ठरवायचंय, साहेब."

कागदावर त्या चौकोनात मी 'पद रिक्त' लिहून पुढे जात असे. ॲपमध्ये मात्र मीच तो रकाना सक्तीचा केला होता.

मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, "काका, तुमचंच नाव टाका ना."

"मी इन्चार्ज नाही, मॅडम."

"आज डेमो आहे हो."

"म्हणून काय खोटी सही करू?"

सहा मिनिटं पडद्यावर 'प्रतीक्षा' तशीच राहिली. मग साहेबांनी कागद मागितला. अख्ख्या क्लासमध्ये कोरा कागद नव्हता, तेव्हा त्यांनी हजेरीपत्रकाच्या पाठीवर मला आजच्या दिवसापुरतं प्रभारी इन्चार्ज नेमल्याचं लिहिलं. खाली सही केली. मी तारीख घालून घेतली आणि माझं नाव टाकलं. पडद्यावर आलं : देणारा आणि मंजूर करणारा एकच. नामंजूर.

"हे कोणी घातलं?" साहेब म्हणाले.

"मीच. चोरी होऊ नये म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्याच कागदावर मॅडमना दिवसभरासाठी स्टोअरकीपर नेमलं. मॅडमनी पहिल्यापासून सगळं भरलं, मी मंजुरी दिली, सतरावा रकाना हिरवा झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. हातमोजे अर्थात सातपूरला होते.

जाताना साहेब म्हणाले, "जागा तुमची. तुमच्याकडून स्वतः तुम्हालासुद्धा काही नेता येणार नाही, एवढं मला कळलं."

दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं आणि मी इन्चार्ज झालो. तेव्हापासून स्टोअरकीपरची जागा रिकामी आहे, आणि देणाऱ्याचं नाव टाकल्याशिवाय ॲप पहिल्या रकान्यापुढे जात नाही. मॅडमना मी ती जागा घेता का म्हणून विचारून पाहिलं. नको म्हणाल्या, त्यांना म्हणे वेगाने चालणाऱ्या गोष्टी आवडतात.