मोहरीएवढी अफू

विड्या तपासणाऱ्या चेकरनं माझी जुडी सगळ्या बायांसमोर नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "दूध लागलंय की गं ह्याला. तुमच्या जातीचं दूध गिऱ्हाईक ओढणार व्हय?" विड्या त्यानं मुठीत चुरल्या आणि माझ्या पदरात टाकल्या. मालक गादीवर बसून हसला.

दुष्काळाचं साल होतं. सोलापुरातल्या विडीच्या कारखान्यात मी दिवसभर ओळीत बसून विड्या वळायचे. चार महिन्यांची लेक घरी, शेजारच्या म्हातारीपाशी. मध्ये उठायची परवानगी नव्हती. पान्हा यायचा, चोळी भिजायची, मांडीवरच्या सुपातली पानं भिजायची. त्यात माझा काय गुन्हा?

त्याच संध्याकाळी चेकरला माझी दया आली म्हणे. हातात कागदाची पुडी ठेवली. "मोहरीएवढी दे सकाळी. दिसभर निजंल पोरगी. तुजं पन काम हुईल." अफू होती. आमच्या ओळीतल्या निम्म्या बाया पोरांना देत होत्या. पुड्या मालकाच्या गल्ल्यातून यायच्या, चेकर नुसता वाटायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही दिली. माझ्याच बोटानं चाटवली.

लेक निजायला लागली. म्हातारी म्हणायची, "लई गुणाची हाय गं तुजी पोर." आणि मी दुपारी कारखान्यामागच्या गटारात दूध पिळून टाकायचे. पोर घरी उपाशी, दूध गटारात! आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

वर्षाची झाली तरी ती बसेना. हाडांवर नुसती कातडी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानाशी टाळी वाजवली. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"उपाशी पोर रडतं, बाई. हिनं रडणंच सोडलंय. भूक मारलेली, आईची ऊब नाही, जिवाला धास्ती. आता पोटात गेलेलंही लवकर अंगी लागायचं नाही. डोक्यावर किती परिणाम झालाय, ते मला आज सांगता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "काय चाटवत होतीस?"

मी सांगितलं. घरी आल्यावर पुडी चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी पोरीला काखेत मारून कारखान्यात गेले. मालकाच्या गादीवर मांडी घालून बसले आणि सगळ्यांदेखत तिला पाजायला घेतलं.

"ऊठ तितनं!" चेकर ओरडला.

"तिचं पोट भरल्याबिगर उठत न्हाय."

बायांनी एकेक करून सुपं खाली ठेवली. कारखान्यात पाळणाघर असलंच पाहिजे असा कायदा आहे, हे आम्हाला त्यानंतर एका संघटनेच्या बाईकडून कळलं. आम्ही अंगठे उठवून अर्ज केला.

उद्या सरकारी साहेब चौकशीला येणार आहेत. काल चेकर माझ्या दारात आला. "अफू तूच दिलीस न्हवं? म्या तेच सांगनार. लोकं शेण घालतील तुज्या तोंडात."

घालू देत. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच सांगणार आहे. लेकीला साहेबाच्या टेबलावर निजवीन. आता दीड वर्षाची आहे, अजून उभी राहत नाही, ते साहेबाला डोळ्यांनी बघू दे. म्हणेन, होय, मी दिली. मग पुडी देणाऱ्याचं नाव घेईन, आणि त्याला ती वाटायला लावणाऱ्या मालकाचंही. मला शिक्षा झाली तर भोगीन. पण एकटी जाणार नाही.