शेजारणीच्या माथी

माझ्या हातून एक पक्षी मेला, एवढंच असतं तर मी ते केव्हाच चारचौघांत हसत सांगून टाकलं असतं. इथल्या मराठी मित्रमंडळींत बाल्कनीतल्या पक्ष्यांवर तासन्‌तास बोलणं चालतं. कुणी जाळी लावलेली असते, कुणी प्लास्टिकचं घुबड आणून बसवलेलं असतं, आणि त्या घुबडाच्याच डोक्यावर बसलेल्या कबुतराचा फोटो ग्रुपवर येतो. मीही हसतो. मग कुणीतरी विचारतं, तुझ्याकडे रे? मी म्हणतो, माझ्याकडे काही त्रास नाही आता — आणि चहा ठेवायला आत जातो. यापलीकडे एक शब्द मी आजवर कुणाजवळ काढलेला नाही. तुमच्याजवळ का काढतोय? तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही म्हणून असेल.

मी अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला चौथ्या मजल्यावर एकटा राहतो. लग्न टिकलं नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. तो कुठून आला हे मात्र फक्त आई सांगू शकेल, आणि ती सांगणार नाही. बाबा पट्ट्यानं मारायचे. गणितात मार्क कमी पडले की मला, आणि आमटी निवली की ताट भिंतीवर. आई भिंत पुसायची आणि म्हणायची, ते दमून येतात रे. मी पुण्याहून इतक्या लांब नोकरी का शोधली असं लोक विचारतात तेव्हा मी पगाराबद्दल बोलतो.

बाबा गेले ते हिवाळ्यात. दहाव्याला घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर ही गर्दी, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. मग नातेवाइकांनी एकेक करून पुढे होऊन हात जोडले, वचनं दिली. मलाही पुढे ढकललं. आईला सांभाळीन, असं मी म्हटलं — म्हणायचं म्हणून म्हटलं. कावळे तसेच बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. बाकीचे विसरले. आईनं ते मनाला लावून घेतलं. ह्यांचं काय राहिलं असेल? रोज फोनवर तेच. जेवण सुटलं, झोप उडाली. म्हणून व्हिसा काढून तीन महिन्यांसाठी मी तिला इकडे घेऊन आलो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वरणभाताचा घास बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला. मी म्हटलं, आई, इथे असं चालत नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो आला. कावळ्याहून लहान, मानेवर करडा, आणि डोळे — फिकट, जवळजवळ पांढरे. इथे चिकार असतात ते, चिमण्यांसारखे. त्यानं सरळ घास उचलला. आईनं दारातूनच हात जोडले. माझे बाबा घारे होते, हे सांगायचं राहिलं. डच लोक या पक्ष्याला काउ म्हणतात असं मी बोलून गेलो, आणि मग तर तिला शंकाच उरली नाही.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं होतं.

पण ते रोजचं झालं. बारा वाजले की ताजा भात, वर तुपाची धार, आणि कठड्याशी उभं राहून ती म्हणायची, “अहो, या. गरम आहे.” तिचं आधी नाही, माझं आधी नाही, त्यांचं आधी. एक येत होता त्याचे चाळीस झाले. कबुतरं आली, सीगल आले. पहाटेपासून कलकलाट, कठडा पांढराफटक, माझी सायकल बाल्कनीत असायची तिच्या सीटवर थर. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत असताना काचेवर चोची. खालच्या मजल्यावरच्या माणसानं लिफ्टमध्ये मला गाठून सुनावलं. मी आईवर ओरडलो. ती म्हणाली, बरं, उद्यापासून थोडाच ठेवीन.

मी सबंध बाल्कनीला जाळी लावून घेतली, पुण्यात लावतात तशी. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी बघतो तर कोपऱ्यात जाळी कात्रीनं कापलेली, दोन हात जातील एवढी. आणि आई सांगते कशी — बाकीच्यांना नाही रे, फक्त ह्यांना यायला वाट ठेवली.

आता कोरीबाईंबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. कोरीबाई शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये फक्त एक पातळ पत्रा. सत्तरी उलटलेली, उंच, मोठ्यानं हसणारी बाई. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला डच सोडाच, इंग्रजीही नीट येत नव्हतं. तरी कसं कोण जाणे, आठवड्याभरात दोघी रोज संध्याकाळी एकमेकींकडे बसू लागल्या. एक डचमध्ये बोलायची, एक मराठीत, आणि दोघी क्रोशाची सुई चालवायच्या. कोरीबाईंचा नवराही गेलेला. फोटो दाखवून दाखवून त्यांनी एकमेकींना सगळं सांगितलं होतं. काही अडलं तर मला हाक यायची, इकडचं तिकडे करायला. त्या घरातला दुभाष्या मीच होतो. हे लक्षात ठेवा.

पक्ष्यांवरून कोरीबाई एकदाच बोलल्या. वाळत घातलेल्या चादरीवर घाण पडली होती. म्हणाल्या, मामांना, म्हणजे माझ्या आईला, सांग ना, तळ्याकाठी नेऊन घाल म्हणावं, मीही जाईन बरोबर. इतकंच. चिडून नव्हे. मी आईला सांगितलं आणि आई ओशाळली. डचमध्ये आईला मामा म्हणतात, म्हणून माझ्या आईला त्या मामाच म्हणायच्या, आणि आई हसायची.

तो दिवस उन्हाचा होता. आई सकाळी फिरायला गेली होती, जाताना त्या दिवशीचा भात आधीच कठड्यावर ठेवून. मी घरूनच काम करत होतो, आणि बॉसनं सगळ्यांसमोर माझं चुकलेलं कोड उघडून दाखवलं होतं. बाल्कनीत फडफड झाली. बाहेर गेलो. तोच होता — एकटा, जाळीच्या आत. मला बघून बिचकला, भोक सोडून भलतीकडेच उडाला, आणि एक पंख आणि एक पाय जाळीत अडकला. उलटा लोंबकळत माझ्याकडे बघत राहिला. त्या घाऱ्या डोळ्यांनी.

कात्री स्वयंपाकघरात होती. दोन पावलांवर. सोडवता आला असता की नाही? आला असता. मी सायकलचा पंप उचलला.

पहिला फटका कठड्यावर बसला, हाताला झिणझिण्या आल्या. दुसरा पंखावर. तो असा ओरडला की माझे कान बंद झाले. मी मारत राहिलो. जाळी ताणली जायची, मागे यायची, तोही तिच्याबरोबर मागे यायचा, माझ्या अंगावर. माझ्या शर्टावर, तोंडावर रक्त उडत होतं आणि मी — मी बोलत होतो. काय बोलत होतो माहीत आहे? “या. या ना. गरम आहे.” आईचेच शब्द. त्याचं डोकं चेपलं गेल्यावरही मी थांबलो नाही. आणि मला बरं वाटत होतं. लहानपणापासून कधी वाटलं नव्हतं इतकं बरं.

इथवर एक वेळ समजेल. राग होता, बाबांवरचा होता, पक्ष्यावर निघाला — इतकं तर कुणीही सांगेल. पण नंतरचं? नंतर मी शांत होतो. शर्ट बदलला. तोंड धुतलं. आमच्या मंडईत मटणाच्या दुकानावर मेलेला कावळा टांगून ठेवायचे, बाकीचे फिरकू नयेत म्हणून, ते मला आठवलं. मी त्याला जाळीतून तोडून काढला, पायाला केबल-टाय बांधला आणि पत्र्याजवळच्या कोपऱ्यात कठड्याला उलटा टांगला. पाचएक मिनिटांत आभाळ काळं झालं. कुठून कुठून आले ते, आणि घिरट्या घालत नुसते किंचाळत होते.

पक्षी घाबरावेत म्हणून टांगला? हो. पण आई तासाभरात परत येणार, आल्या आल्या बाल्कनीत जाणार, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तिनं बघावं म्हणूनच टांगला होता. तुझा देव बघ, म्हणून.

आई आली. बघितलं. किंचाळली नाही. चपलाही न काढता कठड्यापर्यंत गेली आणि पदरानं त्याचं डोकं झाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कुणी?”

आणि त्या एका शब्दासरशी माझा सगळा माज उतरला. चाळिशीला आलेला मी, मला वाटलं आता पट्टा निघणार. तिच्या चेहऱ्यावर राग असता तरी निभावलं असतं. तिथे काहीच नव्हतं. मी फक्त बोट दाखवलं. पत्र्याकडे. मग शब्दही सुचले — मी मीटिंगमध्ये होतो, कानात हेडफोन. ती परवा चादरीवरून बोलत होती ना. खोट्यात इतकं खरं मिसळलेलं की ते पचायला अवघड गेलंच नाही.

आई सरळ बाहेर गेली आणि शेजारची बेल वाजवली. मी मागोमाग धावलो. कोरीबाईंनी दार उघडलं, हातात केकची बशी. आईचा चेहरा बघून त्यांनी तिला जवळ घ्यायला हात पसरले. माझ्या आईनं त्यांना ढकललं. दोन्ही हातांनी, छातीवर. बाई भिंतीवर आदळल्या, बशी फुटली. आई बोलत होती — तुझ्या चादरीपायी जीव घेतलास, माझ्या माणसाचा जीव घेतलास, कधी सुख लागायचं नाही तुला. जन्मात कुणाला शिव्याशाप न देणारी बाई. कोरीबाई माझ्याकडे बघून विचारत होत्या, काय म्हणतेय ती? मी काय केलं?

दोघी माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणी दोन्ही भाषा फक्त मला येत होत्या.

कोरीबाईंना मी डचमध्ये सांगितलं, तिला बरं नाही, नवऱ्याच्या आठवणीनं तिचं डोकं फिरतं, मनावर घेऊ नका. आईला मराठीत सांगितलं, ती म्हणतेय, मेला तर मेला, पक्षीच होता.

हे मला करायची गरजच नव्हती. आई तशीही वळलीच होती. तरी मी म्हटलं.

कोरीबाईंनी दुसऱ्या दिवशी ट्युलिपचा गुच्छ आणून दारात ठेवला. आईनं तो कचऱ्यात टाकला. त्यानंतर त्या रोज संध्याकाळी बेल वाजवायच्या आणि आई आत बसून राहायची, मग बेल वाजायची थांबली. आईनं पुन्हा घास ठेवला नाही. उरलेले दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. जेव म्हटलं की दोन घास खायची, मला वाईट वाटू नये म्हणून. विमानतळावर निरोप घेताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, त्या बाईपासून जपून राहा.

कोरीबाई मला जिन्यात भेटायच्या तेव्हा दर वेळी विचारायच्या, मामा बऱ्या आहेत का? आता डोकं ठीक आहे का? मी म्हणायचो, हो, सुधारणा आहे.

गेल्या महिन्यात त्या बाथरूममध्ये पडल्या. दिवसभर फरशीवर पडून होत्या. कुणाला कळलं नाही. मलाही नाही — मी पत्र्यापलीकडेच होतो. खुब्याचं हाड मोडलं, आता त्या वृद्धाश्रमात आहेत, परत येणार नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी आईला हे सांगितलं. का सांगितलं? ती हळहळेल असं वाटलं होतं. मांजर मेलं तरी जेवण न जाणारी बाई ती.

आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

“बरं झालं,” ती म्हणाली. “भोगू दे.” आणि हसली. समाधानानं हसली. कुणाचं वाईट झालं म्हणून माझी आई हसलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

“हं,” मी म्हणालो.