फ्लेक्सवरची ती गोरी मुलगी मी नाही

अपमान माझा झाला. गेल्या हंगामातल्या शेवटच्या रविवारी, मी पेनल्टी बाहेर मारली त्या संध्याकाळी. मी अजून बूटही सोडले नव्हते आणि इकडे माझ्याच गावात माझं माकड करून झालं होतं.

मी फुटबॉल खेळते. पगार घेऊन खेळते, करार आहे, पाठीवर नंबर आहे. जन्मानं पारधी. रंगानं काळी, चांगली काळी, उन्हात चमकणारी. जामखेडकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आमचं गाव. करार झाला तेव्हा तिथल्या बाजारतळावर माझा फ्लेक्स लागला होता. 'आमच्या मातीची वाघीण.' माझा चेहरा गव्हाळ करून टाकला होता. आईनं बघून विचारलं, "ही कोन?" तेव्हा आम्ही हसलो. हसायला नको होतं.

त्या रविवारी एकानं तो फ्लेक्स आणि मैदानातला माझा फोटो शेजारी शेजारी लावून टाकला. मैदानातल्या फोटोत मी घामानं निथळतेय, दात दिसतायत. खाली लिहिलं, "डावीकडं फ्लेक्स, उजवीकडं ओरिजिनल. केळं दाखवा, मग गोल मारंल." त्याखाली दुसऱ्यानं, "पारध्याची हाय. बॉल चोरून आनंल, मारायचं कशाला सांगता." मग माकडं. ओळीनं माकडं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. गावाच्या ग्रुपवरून तालुक्याच्या ग्रुपवर, तिथून नगरला.

पहिलं लिहिणारा कुणी खोट्या नावाचा नव्हता. गावातला मेडिकलवाला. स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो, मांडीवर लेक. आईच्या बीपीच्या गोळ्या आम्ही त्याच्याकडूनच घ्यायचो.

क्लबनं निवेदन काढलं. खेळात द्वेषाला जागा नाही. निळ्या पार्श्वभूमीवर, सुंदर अक्षरात. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "थोडे दिवस फोन बघू नकोस." मला बघू नकोस म्हणतात. त्याला लिहू नकोस असं कोण म्हणालं?

हंगाम संपला, मी गावी आले. दुसऱ्याच दिवशी आमच्या वस्तीवर गाडी आली. गाडीतून युवा नेता उतरला, तोच, ज्यानं माझा फ्लेक्स लावला होता. मागून मेडिकलवाला. हातात शाल आणि नारळ. आमच्याकडं हे असंच मिटवतात. आधी थोबाडायचं, मग शाल घालायची, मग फोटो काढायचा.

"ताई, चुकून झालं ह्याच्याकडनं," नेता म्हणाला. "मस्करी हुती. डिलीट मारलंय त्यानं समदं."

मेडिकलवाला म्हणाला, "मी तर फॅन हाय तुमचा. हारलात म्हनून राग आला."

"रागात माकड कुठून आलं?"

तो शाल उलगडायला लागला.

नेत्यानं मोबाईल पुढं केला. "हे बघ, उद्या बाजारतळावर लावतोय. तुझ्या बाजूनं." फ्लेक्सचं डिझाईन होतं. 'ताई, गाव तुमच्या पाठीशी.' नेत्याचा फोटो मोठा. शेजारी मी. या वेळी तर दुधात बुडवून काढलेली.

"हा चेहरा कुणाचा?"

"तुझाच की. जरा ब्राईट केलाय. नायतर फ्लेक्सला उठून दिसत न्हाई."

तिथं माझं डोकं जागेवर आलं. इतके दिवस मी समजत होते की एक शिवी देणारा आहे आणि एक माझ्या बाजूचा. माझ्या कातडीची किळस दोघांना सारखीच. एकानं तिच्यावर माकड चिकटवलं, दुसऱ्यानं ती पुसून टाकली. आणि दोघं मिळून मला शाल घालायला आले होते.

मी शाल घेतली नाही. म्हणाले, "भाऊ, नारळ परत न्या. मी ठाण्यात चाललेय. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार देणार."

नेत्याचा आवाज फिरला. "जरा नाव झालं की लगेच जातीवर आली व्हय?"

"जातीवर कोण आलं ते ह्याला विचारा."

गाडी गेली. माझा बाप दारातच बसून होता. पंचक्रोशीत कुठं चोरी झाली की पोलीस आधी माझ्या बापाला उचलायचे. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. तो म्हणाला, "पोरी, ठाण्यात आपुन जात न्हाई. आपल्याला नेत्यात."

"म्हणूनच चाललेय. तू चल."

तो आला नाही. आई आली.

ठाण्यात हवालदारानं मान वर न करता विचारलं, "कुनाला सोडवायला आलाय?"

"तक्रार द्यायला."

तेव्हा त्यानं बघितलं. माझ्या फोनमधला स्क्रीनशॉटही बघितला. "त्यानं तर उडवलंय म्हनतीस. मग हे तूच बनवलं नसशील कशावरून? आनखी कुनी बघितलंय?"

"सगळ्या तालुक्यानं."

"मग आना की एकाला."

तक्रार अर्जाची पोच हातात पडेपर्यंत मी बाकावरून उठले नाही. आईही नाही. पोच मिळाली. गुन्हा अजून नोंदवलेला नाही. कारण एकच सांगतात, साक्षीदार नाही. नेता गावात सांगत फिरतोय की पोरीला माज आलाय. बाप माझ्याशी बोलत नाही.

येऊ दे माज. पुढच्या हंगामात पेनल्टी मिळाली तर मीच मागून घेणार, याच तोंडानं. आणि हे प्रकरण मी मिटवणार नाही. कुणी घरी आलं म्हणून नाही, स्टेजवर नाही, कुणाच्या पाया पडण्यावर नाही.

आता तू. जामखेडचा असशील, संगमनेरचा, नाहीतर नगरला सावेडीच्या फ्लॅटमधला. ते चित्र तुझ्या ग्रुपवर आलं होतं. तू हसलास का, ते मी विचारत नाही. 'ताई लढ' लिहू नकोस. निषेधाचं स्टेटस ठेवू नकोस. फोन उघड, ते चित्र शोध, पाठवणाऱ्याच्या नावासकट जपून ठेव. मग ठाण्यात ये, माझ्या शेजारी बस आणि स्वतःच्या नावानं सही करून सांग, की हे मी बघितलं.